पळस फुललेला, सीताफळ पिकलेलं

कोथरूड, पुणे
९ डिसेंबर २००२

नंदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. गेल्या दीड वर्षात मी तीन पत्रं पाठवली, तुझं एकही आलं नाही. तक्रार करत नाही, तो हक्क माझा नाही. पण एवढं एक वाच.

चार दिवस हे पत्र मी मनात लिहिते आहे आणि खोडते आहे. कळवलं आणि खोटं निघालं, तर तुझ्या घरात ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. न कळवलं, तर तुझ्या मुलीबद्दलची गोष्ट मी माझ्याजवळ दाबून ठेवल्यासारखं होईल. यातलं कमी वाईट कोणतं ते ठरेना. शेवटी वाटलं, मुक्ताई तुझी आहे. ठरवायचं ते तू ठरव.

अपेक्षा नावाची माझी एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांना ऑफिसात पुस्तकांचा कोपरा करायचा आहे, म्हणून तिने मला बोलावलं. कॉलेजची ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं कशी लावायची ते सांगेल, एवढाच हिशेब. फाटकावर रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. आत डबा आणि माझी डायरी. म्हणाला, "डबा न्या आत. वही ठेवा इथं. वहीतूनच जातं सगळं बाहेर." त्यामुळे पुढचं वर्णन आठवणीतून केलेलं आहे, हे ध्यानात ठेव.

आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर एक मोठं तैलचित्र आहे. पाण्याच्या काठावर सात-आठ वर्षांची मुलगी उभी आहे. मागे पळस फुललेला. उजवीकडे सीताफळाचं झाड, त्यावर एक फळ पिकून उकललेलं. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या. काठाला तेरड्याची फुलं. मुलगी मान किंचित वाकडी करून हसते आहे.

नंदा, तो चेहरा मुक्ताईचा आहे. डावी भुवई मधोमध तुटलेली, तुझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली होती तेव्हाची. उजवा कान जरा पुढे आलेला. मी तिथल्या सोफ्यावर बसलेच. स्वागतिकेने पाणी आणून दिलं आणि "बस लागली का, मॅडम?" असं विचारलं.

रस्त्यात पाठमोरी मुलगी पाहून मी अशी कितीदा बसले आहे, ते मला ठाऊक आहे. म्हणून स्वतःची उलटतपासणी घेतली. दोन गोष्टी उरतातच. एक, १७ जानेवारी ९९ ला ती हरवली तेव्हा तिचे वरचे पुढचे दोन दात पडलेले होते. चित्रात दोन्ही आलेले आहेत, मोठे, करवतीसारख्या कडांचे, नवे दात असतात तसे. दुसरी, खाली कोपऱ्यात सही आहे: इम्तियाज, २०००.

म्हणजे ज्याने हे काढलं त्याने तिला नंतर पाहिलं असणार. दुसरा अर्थ मला लावता येत नाही. तुला लागला तर लाव.

सत्यशीला


रिसोड
१८ डिसेंबर

ताई,

पत्र फोडलं. ह्यांनीच आणून हातात दिलं. "तुझ्या पुण्याच्या बहिणीचं," एवढंच बोलले आणि शाळेत घंटा द्यायला निघून गेले. चार वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही.

मला तुझ्याशी भांडायचं होतं. इथली शाळा काय वाईट होती, तिला शिकायला तुझ्याकडे पुण्याला कशाला नेलंस, पहिलीपासून इंग्रजी शिकून पोरगी काय करणार होती, हे सगळं लिहायला घेतलं आणि फाडलं. आता कोणाशी भांडू?

तुला एक सांगते. हरवल्यापासून मी दरवर्षी तिच्या वाढदिवसाला एक फ्रॉक घेत आले, आधीच्यापेक्षा एक माप मोठा. चार झाले होते. ह्या दिवाळीत ते चारही माझ्या अंगणवाडीतल्या पोरींच्या घरी, त्यांना आणि त्यांच्या बहिणींना देऊन टाकले. हे म्हणाले, "बरं केलंस." त्या दिवशी आम्ही दोघं ताटावर बसलो आणि पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी जेवणाला चव लागली. मग सहा आठवड्यांनी तुझं पत्र आलं.

तिच्या पायात काय आहे ते लिहिलं नाहीस. केस कापलेले आहेत का वाढलेले? रोड झाली आहे का? फ्रॉक कोणता आहे? तू झाडंच सांगत बसलीस. तुझं पहिल्यापासून असंच.

आणि झाडांचंच म्हणशील तर पळस पुण्यात कुठे आहे ते सांग. मी तिकडे येऊन महिनाभर गल्ल्या धुंडाळल्या, मला घरांशिवाय काही दिसलं नाही. पळस आमच्याकडे आहे. रिसोडहून वाशीमला जाताना फेब्रुवारीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना तोच दिसतो. ती आमच्याच बाजूला कुठे असली तर? मी पुण्यात शोधत होते आणि ती इकडेच कुठे असली तर?

ह्यांना वाचून दाखवलं नाही. पाकीट मात्र त्यांनी उचलून पाहिलं आणि परत होतं तसं ठेवलं.

नंदा


कोथरूड
२७ डिसेंबर

नंदा,

पुन्हा जाऊन आले. पुस्तकांचं निमित्त होतंच. चित्रासमोर इतका वेळ उभी राहिले की स्वागतिका म्हणाली, "मॅडम, पुस्तकं त्या बाजूला आहेत." ह्या वेळी अपेक्षाकडून कागद घेऊन सगळं उतरवून घेतलं.

पाय अनवाणी आहेत. केस खांद्यापर्यंत आलेले. माझ्याकडे शाळेला होती तेव्हा मानेपर्यंत कापलेले होते, म्हणजे वर्षभराची वाढ असावी. रोड नाही. गाल भरलेले आहेत. फ्रॉक पिवळा, हरवली त्या दिवशीचाच वाटतो, पण रंगाचं मी खात्रीने सांगणार नाही.

फ्रॉकच्या खालच्या घेराला कुसळं चिकटलेली आहेत. अगदी बारीक, काळपट, सात-आठ. ह्यावर मी फार विचार केला. घरात बसून निसर्ग काढणारा माणूस फुलं काढील, पक्षी काढील. कुसळं कोण काढील? गवतातून चालत आलेलं पोर समोर पाहिलं असेल, त्यालाच ती सुचतील.

आता मला अडलेली गोष्टही सांगते, कारण ती तुझ्यापासून लपवली तर बाकीच्यालाही अर्थ राहणार नाही. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. सीताफळ पिकतं दसरा-दिवाळीला. तेरडा त्याच्याही आधी, श्रावण-भाद्रपदात. हे सगळं एकाच वेळी एका काठावर असू शकत नाही. पहिल्या दिवशी हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं आणि आलं तेव्हा कागद उलटा करून ठेवला. वाटलं, सगळं कल्पनेतलं आहे.

मग दोन दिवसांनी उलगडा झाला. एकदाच पाहिलेलं मूल असतं तर त्याने एकच ऋतू काढला असता. त्याने तिला श्रावणात पाहिलं, दिवाळीत पाहिलं, फाल्गुनातही पाहिलं. म्हणजे ती त्याच्या जवळपास राहते. वर्षभर त्याच्या डोळ्यांसमोर आहे. तुझा पळसही यात बसतो, तो माणूस फिरतीवर असू शकतो.

मी फार ताणते आहे का, असं मीच विचारते. पण ह्याहून सरळ अर्थ मला दिसत नाही.

चित्र बसवणाऱ्या कंत्राटदाराकडून अपेक्षाने नाव काढलं. इम्तियाज पेंटर, येरवडा. त्याला पत्र टाकते आहे.

सत्यशीला


कोथरूड
२८ डिसेंबर

इम्तियाज पेंटर यांना,

आपली ओळख नाही. हिंजवडीच्या कंपनीतलं मुलीचं चित्र आपण काढलं आहे. त्या मुलीला आपण कुठे पाहिलं, केव्हा पाहिलं, किती वेळा पाहिलं, एवढंच मला हवं आहे. चित्रात तिला करवती कडांचे नवे दात आहेत, फ्रॉकला कुसळं आहेत, झाडं तीन ऋतूंची आहेत, म्हणून विचारते. चित्राबद्दल तक्रार नाही. पोलिसांना मी काहीही सांगणार नाही.

दोनदा आपल्या दुकानापर्यंत आले आणि परत गेले. समोर विचारलं तर आपण तिथल्या तिथे उत्तर द्याल, आणि ते ऐकून मला रस्ता ओलांडून घरी येता येईल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून पत्र.

ती माझ्या बहिणीची मुलगी आहे.

सत्यशीला


येरवडा
६ जानेवारी २००३

सत्यशीला मॅडम यांस इम्तियाज पेंटरचा आदाब.

पत्र मिळालं. दोनदा एक बाई पलीकडच्या फुटपाथवर थांबून गेलेली मी पाहिली होती. वाटलं, कोणाचा तरी फोटो मोठा करून घ्यायचाय आणि रडू येतंय. माझ्याकडे येणारे अर्धे लोक तसेच असतात.

मॅडम, मी त्या मुलीला कधीच पाहिलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, माफ करा.

माझं काम तुम्हाला सांगतो म्हणजे कळेल. आधी मी थिएटरचे बोर्ड रंगवत होतो. कापडावर छापायची मशिनं आली आणि ते गेलं. मग गेलेल्या माणसांचे फोटो रंगवू लागलो. लोक रेशनकार्डावरचा नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला फोटो आणतात. आमच्या धंद्यात उणं ठेवत नाहीत. तिरळा डोळा सरळ करायचा, बोडक्या डोक्यावर फेटा, बाईच्या नाकात नथ. दात पडलेला असेल तर भरायचा. हे कोणी सांगावं लागत नाही, हात आपोआप करतो. उस्ताद म्हणायचे, भिंतीवर गेल्यावर तरी माणूस पुरा दिसू दे.

माझी एक पेटी आहे, तिच्यात चेहरे कापून ठेवतो. पेपरातले, लग्नपत्रिकेवरचे, रद्दीतले. काल्पनिक माणूस काढायला सांगितला की त्यातून एक घेतो. दोन हजार साली ह्या कंपनीची इमारत झाली तेव्हा सजावटवाले साहेब आले. म्हणाले, "इम्तियाजभाई, गावची पोरगी पाहिजे, पण गरीब दिसायला नको." मी म्हटलं, "निसर्ग कोणता घेऊ?" त्यांनी एक कॅलेंडर माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ह्यातला बारा महिन्यांचा थोडा थोडा घ्या. लोक बारा महिने कामाला येणार." पळस मार्चच्या पानावर होता. सीताफळ ऑक्टोबरच्या. खंड्या आणि तेरडा कोणत्या, ते आता आठवत नाही.

चेहरा तुमच्या कागदावरचा आहे. 'हरवली आहे' असा झेरॉक्स कागद शेजारच्या दुकानाच्या शटरवर चिकटवलेला होता. दुकानवाल्याने शटर रंगवायला काढलं तेव्हा मी तो सोडवून घेतला. हसू चांगलं होतं. केस वाढवले, कारण वाऱ्यावर उडवायचे होते. दात भरले. करवतीची कडा मी केलेली नाही, ब्रश जुना असेल. फ्रॉकच्या खाली झेरॉक्सचे काळे ठिपके पडले होते. ते काय असावं कळेना. चित्रात नुसता ठिपका सोडता येत नाही, म्हणून कुसळं केली.

एक गोष्ट लिहू नये असं वाटतं, पण लिहितो. फोटोखाली काय छापलंय ते मी वाचलं होतं. वय, पिवळा फ्रॉक, भुवईची खूण, फोन नंबर. वाचूनच कापलं. कात्री त्या ओळींवरून गेली. तेव्हा मनात आलं होतं की पोरगी आता सापडली असेल, एवढ्या दिवसांत सापडतातच. हे मी मला सोपं पडावं म्हणून म्हटलं होतं.

माझी नात परवीनही तेव्हा त्याच वयाची होती.

इम्तियाज


रिसोड
१० जानेवारी

ताई,

तुझ्या कुसळांच्या पत्रानंतर मी ह्यांना सगळं वाचून दाखवलं. पहिलं पत्रसुद्धा. ते भिंतीला टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच." तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तीन ऋतू त्यानं पाहिली म्हणजे ती तिथंच राहते." अगदी तुझ्यासारखंच बोलले. चार वर्षांनी आमच्या घरात कोणी सलग बोललं.

दुसऱ्या दिवशी मी फ्रॉक परत मागायला गेले. तुला हे सांगायची लाज वाटते, पण कोणाला तरी सांगायला पाहिजे. दोन घरी निमूट दिले. तिसरीकडे विमलाबाई दारातच उभी राहिली. "बाई, देल्ली वस्तू वापस मांगता काय तुम्ही? तुमी तं अंगणवाडीच्या बाई आहात. पोट्टी घालून बसली आहे, कशी काढू?" मी म्हटलं, "माझी येणार आहे, विमलाबाई." मग तिनेच पोरीच्या अंगातून काढून दिला. पोरगी उघडी, दाराआड रडत होती. मी घडी करून पिशवीत घातला आणि आले. सगळ्यात मोठा तोच होता, म्हणून तोच पाहिजे होता. चौथ्या घरी गेलेच नाही.

तीनही धुऊन वाळत घातले आहेत.

ह्यांनी शाळेत अर्ज टाकला. मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षा जवळ आल्या, आता शिपायाला रजा मिळत नाही. हे म्हणाले, मग बिनपगारी द्या, नाहीतर काढून टाका. वीस तारखेला पुण्याला निघतात. येरवड्यात जाऊन पेंटरला गाठणार. तुझ्याकडे उतरायचं नाही म्हणतात, ते मनावर घेऊ नकोस.

पेंटरचं काही उत्तर आलं का? आलं असेल तर लगेच टाक, म्हणजे ह्यांना त्याच ठिकाणी जाता येईल.

नंदा


कोथरूड
२२ जानेवारी

नंदा,

पेंटरचं उत्तर आठ तारखेला आलं. आज बावीस. मधले दिवस मी ते कपाटात ठेवलं होतं. तुझं पत्र चौदाला आलं, त्यातले फ्रॉक वाचले, तरीही ठेवलं. रोज ठरवत होते की आज लिहीन, आणि रोज मनात म्हणत होते की आजचा एक दिवस तुम्ही दोघं तसेच असू द्या. तुमच्यासाठी म्हणत होते की माझ्यासाठी, हे मला सांगता येणार नाही. महिपतराव निघण्याआधी कळवायला हवं होतं. ते परवाच निघाले असतील.

त्याने तिला पाहिलेलं नाही. कधीच नाही.

आपण छापलेल्या कागदावरून चेहरा घेतला. मीच तो येरवड्यात शटरवर चिकटवला होता. दात त्यांच्या धंद्याच्या रीतीने भरले. ऋतू एका कॅलेंडरातले. कुसळं म्हणजे झेरॉक्सच्या यंत्राचे डाग. त्याचं पत्र सोबत जोडते, शब्द न शब्द वाच. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने माझ्यापेक्षा खरं लिहिलं आहे.

चित्रात जे जे काही मी वाचलं, त्यातलं एकही त्यात नव्हतं. ऋतू जुळत नाहीत हे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं. तिथेच थांबायचं होतं. मी थांबले नाही, उलट त्याचाच पुरावा केला. शिकलेल्या माणसाला हे चांगलं जमतं.

आणखी एक. हे चार वर्षं लिहायचं राहिलं आहे. मी तुला, पोलिसांना, सगळ्यांना सांगितलं की फुलांच्या प्रदर्शनात गर्दीत तिचा हात सुटला. हात सुटला नाही, नंदा. मी सोडला. एका झाडाखाली पाटी होती, तिच्यावरचं नाव वहीत उतरवायला मला दोन्ही हात लागत होते. मी तिला म्हटलं, माझी साडी धरून उभी राहा. तिने धरली होती. मला ओढ जाणवत होती. मग केव्हातरी जाणवेनाशी झाली, आणि मी लिहीतच होते.

सत्यशीला


वाशीम स्टँड
२७ जानेवारी

सत्यशीलाताईंना महिपतीचा नमस्कार.

घरी पोचण्याआधी इथूनच हे पाकीट टाकतो. पुण्याला आलो होतो, तुमच्याकडे आलो नाही. राग धरू नये.

पेंटर भेटला. म्हातारा भला माणूस आहे. मला बघून उठून उभा राहिला, मी काही बोलायच्या आत. चहा पाजला. पेटी उघडून तो कागद काढून दाखवला. मी मागितला, त्याने दिला. मग मी तुमच्या कंपनीच्या फाटकावर गेलो. पास नाही म्हणून आत सोडलं नाही. रखवालदार म्हणाला, "चित्र बघायला? म्युझियम शहरात आहे, काका." काचेतून थोडं लाल दिसलं. पळसच असेल.

विनंती एवढीच की पेंटर काय बोलला ते नंदाला कळवू नये. तिने फ्रॉक इस्त्री करून ठेवले आहेत. मी तिला सांगणार आहे की त्याने पोरीला पाहिलं, तीन वेळा पाहिलं, चांगली होती. तुम्ही खरं लिहिणाऱ्या आहात हे मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

महिपती


रिसोड
२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पंचवीसला मिळालं. पेंटरचंही वाचलं. हे सत्तावीसला संध्याकाळी आले.

मी चुलीपाशी होते. वाटलं, आता हे सांगतील आणि मग आम्ही दोघं मिळून रडू, आणि संपेल. हे हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "पाहिली त्यानं. नदीपलीकडं एका घरी होती, चांगल्या लोकांकडं." मी ताट वाढत होते. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघांचंही उघडं पडलं असतं. विचारलं, "काय करत होती?" म्हणाले, "खेळत होती." मी आणखी एक भाकरी वाढली. त्यांनी खाल्ली.

तेव्हापासून रोज थोडं थोडं सांगतात. परवा म्हणाले, तिला पोहायला येतं. पेंटरने सांगितलं म्हणे. आता दर महिन्याला एकदा जाणार, ती माणसं तिथून हलली म्हणे, त्यांना शोधायला. मी डबा बांधून देणार आहे. शाळेतलं काम गेलं. मुख्याध्यापकांनी दुसरा माणूस घेतला.

तुझं आणि पेंटरचं पत्र मी चुलीत घातलं.

साडीचं तू लिहिलंस. मला ते तेव्हापासून माहीत आहे. पोलिसांनी तुझी वही मागितली होती, आठवतं? त्या पानावर झाडाचं नाव अर्धंच लिहिलेलं होतं. मी बघितलं होतं. तू कधी सांगतेस याची वाट बघितली, मग सोडून दिलं. आता सांगितलंस त्याने मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

एक काम कर. ह्यांच्याजवळचं सांगायचं संपत आलं आहे. काल तेच तेच सांगत होते आणि मध्येच थांबले. आता तू लिही. दोघांच्या नावाने लिही, मी मोठ्याने वाचून दाखवीन. त्यांना वाटेल मी खूश आहे. त्या चित्रात आणखी काही दिसलं असेल तर ते लिही.

खरं लिहू नकोस. खरं तू एकदा लिहिलंस.

नंदा


हिंजवडी
१० फेब्रुवारी

सत्यशीला मॅडम,

तुमच्याकडे ईमेल नाही म्हणून हे प्रिंट काढून पोस्टाने पाठवतेय. पुस्तकांच्या कोपऱ्याचं सध्या होल्डवर गेलंय, सॉरी. लॉबीचं रिनोव्हेशन चाललंय. ते पेंटिंग तुम्हाला एवढं आवडलं होतं म्हणून मी आधी अ‍ॅडमिनला विचारलं होतं, काढलं तर मॅडमना द्याल का, पण त्यांनी शनिवारीच सगळं काढून टाकलं. कॅनव्हास फाडून फ्रेम्स तेवढ्या कंत्राटदार घेऊन गेला. त्या जागी आता मोठा स्क्रीन येणार आहे. मी आज सकाळी आले तेव्हा भिंत मोकळी होती. रिअली सॉरी, मॅडम.

तुमची,
अपेक्षा


कोथरूड
१३ फेब्रुवारी

महिपतराव आणि नंदा,

तुम्हा दोघांना एकदम लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

इम्तियाज पेंटरशी महिपतरावांचं जे बोलणं झालं, तेच पेंटरांनी मलाही सांगितलं. त्यांचा शब्द भरवशाचा वाटला.

काल मी पुन्हा हिंजवडीला गेले होते. ह्या वेळी चित्राजवळ कोणी नव्हतं, बराच वेळ मिळाला. मुलीच्या पायांपाशी जे पाणी आहे, तिकडे मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. त्यात तिचं प्रतिबिंब आहे, आणि त्याच्या शेजारी दुसरं एक आहे. नऊवारीचा हिरवा काठ आणि एक हात, बांगड्या भरलेला. ती बाई वर चित्रात नाही, फक्त पाण्यात दिसते. म्हणजे ती चौकटीच्या जरा बाहेर, मुलीच्या अगदी जवळ उभी आहे. तिने मुलीचा हात धरलेला आहे.

मी काल समोर उभी राहून पाहिलं.

सत्यशीला